दोन पंप, एक बोल्ट

पाना लावण्याआधीच बोल्ट बोटांत फिरला. रत्नाकरनं हात मागे घेतला. नदीपलीकडे रामनगरच्या वाळूत मोडकं विमान एका पंखावर कललं होतं. ते उचलायला ट्रॅक्टर यायचा होता. आसपास कोणी नव्हतं.

पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेल्या यज्ञेश्वरकाकांनी सहा वर्षं खपून ते बांधलं होतं. इंजिन एका जुन्या मोटारीचं. पेट्रोलची टाकी इंजिनाच्या खाली, त्यामुळे पेट्रोल वर चढवणारा पंप थांबला की इंजिन थांबणार. म्हणून काकांनी दोन पंप बसवले. बॅटऱ्या वेगळ्या, बटणं वेगळी. एक गेला तर दुसरा असावा. वायरिंग रत्नाकरनं केलं. वीस वर्षं तो शहरातल्या लंका मोहल्ल्यात गाड्यांचं वायरिंग करत होता. गाडीत करतात तसंच त्यानं इथंही केलं, दोन्ही पंपांच्या अर्थच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या, तारा एकाच बोल्टखाली आवळल्या. इंजिनाच्या थरथरीनं बोल्ट ढिला झाला आणि दोन्ही पंप एकदम निकामी झाले.

विमान घेऊन काका जेमतेम झाडाएवढे चढले होते. पडल्यावर काकांचा मणका मोडला. शेवटच्या क्षणाचं त्यांना काही आठवत नव्हतं. दुसऱ्या पंपाचं बटण दाबायला आपण विसरलो, असंच ते धरून बसले होते. या वयात कशाला हवं होतं, लक्ष राहतं का, असं अंबिकाकाकू पंधरा दिवस ऐकवत होत्या. काकांचं बोलणं तुटलं, जेवणही.

बोल्ट घट्ट करायला मिनिटही लागलं नसतं. रत्नाकरनं पाना लावला, अर्धा फेरा आवळलाही. मग तसाच उलटा फिरवून बोल्ट काढला आणि खिशात टाकला.

दुपारी तो अमृतराव घाटाजवळ काकांच्या घरी गेला. काकू उशाशी बसल्या होत्या. त्यानं बोल्ट काकांच्या हातावर ठेवला.

“काका, बटण दाबूनही दुसरा पंप चालला नसता. दोघांचा अर्थ या एकाच बोल्टवर होता. गलती माझी आहे.”

काकांनी बोल्ट बोटांत फिरवून पाहिला.

“अर्थ अलग घे म्हणून मी सांगितलं होतं ना तुला?”

“दोनदा सांगितलंत. मला वाटलं, काय फरक पडतो.”

काकांनी डोळे मिटले. “मतलब, मी विसरलो नव्हतो,” ते हळूच म्हणाले. काकू उठून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पदर तोंडाशी धरलेला.

थोड्या वेळानं काकांनी वरणभात मागितला. काकू लगबगीनं स्वयंपाकघरात गेल्या. येऊन त्यांना घासघास भरवू लागल्या.

रत्नाकर दाराशी उभा होता. त्याला कोणी जा म्हटलं नाही, बसही म्हटलं नाही. वाटी रिकामी होईपर्यंत तो तसाच उभा राहिला.