डबकेवालीला प्रवेश नाही

आमच्या शिलाईच्या दुकानामागच्या पाणथळीला सगळी गल्ली डबकं म्हणायची, आणि ती वाचवायला निघालेल्या माझ्या सासूबाईंना डबकेवाली. बिल्डरला तिथे भराव टाकून इमारत उठवायची होती. सासूबाईंनी गळ्यातली टेपसुद्धा न काढता कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले आणि अर्धवट शिवलेले कोट माझ्या गळ्यात मारले. पण जिंकल्या! पाणथळ संरक्षित झाली, कुंपण लागलं आणि फाटकावर रखवालदार म्हणून नेमला गेला माझाच नवरा.

पहिल्या दिवशी सासूबाई ठेवणीतले कपडे घालून निघाल्या. नव्या संसारात सासरे त्यांना आतल्या ज्या दगडावर बसवून पक्षी दाखवायचे, तिथे आज जाऊन बसायचंच, हे त्यांनी केव्हाचं मनाशी धरलं होतं. मागे सगळी गल्ली. सगळ्यांच्या मागे गाडीला टेकून बिल्डर, दोन पाहुण्यांसह.

फाटकाशी नवरा आडवा आला.

"आई, आत जाता येणार नाही."

"अरे, मी आहे!"

"पक्षी अंड्यांवर बसलेत. पिल्लं उडेपर्यंत कोणीच नाही. नियम तुझाच आहे."

खरंच होतं. नियम ठरवायच्या बैठकीत कचेरीतले साहेब खास लोकांना सवलत द्यायला निघाले, तेव्हा टेबलावर हात आपटून "कोणीही नाही म्हणजे कोणीही नाही!" असं ओरडल्या होत्या त्या ह्याच. त्यात आपणही येतो, हे बाईंच्या ध्यानीमनी नव्हतं.

"जाऊ द्या हो त्यांना," बिल्डर गोड आवाजात म्हणाला. "एवढं केलंय त्यांनी. आम्हीही मागोमाग येतो, पाहुण्यांना जरा जागा दाखवायचीय."

नवऱ्याला घाम फुटला, पण फाटकावरचा हात हलला नाही. सोड ना रे, आई आहे ती, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. सासूबाईंचे डोळे भरले. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग बिल्डरकडे, आणि एकदम हसल्याच.

"ऐकलंत?" त्या गरजल्या. "सख्ख्या आईला नाही सोडलं त्यानं! तुम्ही कोण लागून गेलात?"

बिल्डरने पाहुण्यांसह काढता पाय घेतला. गल्लीने टाळ्यांचा कडकडाट केला, तर नवरा डाफरला, "शू! पक्षी आहेत!" आणि सगळ्यांचे हात तसेच हवेत राहिले.

सासूबाईंनी मला दुकानातलं स्टूल आणायला लावलं, फाटकाबाहेर मांडलं आणि ऐटीत बसल्या. समोर त्यांच्या दगडावर एक बगळा एका पायावर उभा होता.

"आता त्याला तिथून कोणी उठवणार नाही," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा नाही."