जाकिटातली राख

माजी एक खोड हाय. इंजिनात काय बी सापडू दे, आदी जिभंवर ठिवायचं. मिलिटरीच्या वर्कशापात बारा वर्सं काढली, तितं शिकलो. मीठ, गंज, डिझेल, समदं जीभ सांगती. लोक हसत्यात, हसू देत. एकदाच जीभ लावली न्हाई, आन् एका माऊलीचं पोरगं जाता जाता ऱ्हायलं.

दुष्काळ सरला त्याच्या फुडच्या सालची गोष्ट, चौऱ्याहत्तरची. वडूजच्या पल्याड माळावर बनुबाईची विहीर. तिचा दादला धुळा नऊ वर्सं ती खांदत व्हता. पाणी लागायच्या म्हैनाभर आदी गेला. नदीला तवा थेंब न्हवता, म्हणून त्याची राख मडक्यात घालून लिंबाला टांगली. विहिरीला पाणी लागलं तवा त्यातली मूठभर त्याच पाण्यात सोडली. त्याची तशीच इच्छा व्हती.

आता तितं कांदा लावलेला, डिझेल इंजिन बसवलेलं, आन् राबायला तिचा एकुलता एक पोरगा, अर्जुना. इंजिन अर्ध्या तासात तापून बंद पडायचं. मला बोलावणं आलं. इंजिन गार ठेवाया विहिरीचंच पाणी त्याच्या जाकिटातनं, म्हंजी पोटातल्या पोकळीतनं फिरतं. तवा पयलं तिकडंच बघायचं. इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उघडलं आन् हात जागीच थांबला. पाण्याच्या वाटा पांढऱ्या, मऊ गाळानं गच्च. क्षार असता तर दगडावानी बसला असता. ह्यो बोटाला राखंवानी लागला.

“आमचं आबा!” अर्जुना म्हणला, आन् त्यानं बापाच्या राखंला हात जोडलं.

मी बी टोपी काढली. जीभ लावायची? शिव शिव! मेलेल्या माणसाची राख कोण चाखंल? गाळ घमेल्यात काढला, जाकीट धुतलं आन् हेड बसवलं.

चार दिसांनी परत गच्च. आठव्या दिशी परत. मूठभर राख सोडलेली, आन् मी तीन खेपांत दोन घमेली काढली.

“धुळा, गड्या, मेल्यावर बी खांदतूयास व्हय रं?” मी म्हणलो.

“पाईपाच्या तळाची जाळी बघतो,” म्हणून अर्जुना दोरखंड धरून विहिरीत उतरला. बनुबाईचं तोंड पांढरं पडलं.

“रोज उतरतोय, मिस्तरी. ह्यो बी गेला तर मी कुणाकडं बघू?”

मग तिनं घमेल्यातनं चिमूट उचलली.

“आवं काकी, काय करतायसा?”

“तीस वर्सं मालकांचं उष्टं खाल्लं. राखंचं काय घिऊन बसलाय?”

आन् तिनं ती जिभंवर ठिवली. जीभ टाळूला लावून बघितली. मग डोळं एवढं मोठं झालं.

“मिस्तरी, ही चिकटतीया! राख कुटं चिकटती? ही विहिरीच्या दगडी कड्याखालची पांढरी माती हाय. आमी दोघांनी हिच्यावरच दगड रचल्यात!”

माज्या डोस्क्यात लख्ख उजेड पडला. माती इंजिनात आली, म्हंजी दगडांखाली पोकळ झालं.

“अर्जुना, वर ये रं!”

“थांबा की, जाळी...”

“जाळी गेली खड्ड्यात! वर ये, मुडद्या!”

त्याचा पाय काठाला लागला आन् खालनं दणका आला. उगवतीकडचं कडं आख्खं बसलं. पाणी दुधावानी पांढरं झालं. बनुबाईनं पोराला आदी मिठी मारली, मग एक चपराक ठिवून दिली, आन् रडाया लागली.

मला लय लाज वाटली. पयल्याच दिशी जीभ लावली असती तर तवाच कळलं असतं. आमी हात जोडत बसलो.

म्हैन्यानं कडं सिमेंटात बांधलं. इंजिन मी सवता साफ केलं. जाकिटाच्या पार आतल्या कोपऱ्यात चिमूटभर पांढरं ऱ्हायलं व्हतं. ह्या खेपंला चुकायचं न्हाई, म्हणून चटदिशी जिभंवर ठिवलं.

चिकटलं न्हाई. दाताखाली हाडाच्या भुग्यावानी कचकचलं.

बनुबाई काठावर बसून माज्याकडं बघत व्हती. मी तोंड पुसलं. उरलेलं तितंच ठिवलं, टोपी काढली, आन् हेड परत बसवलं.