थांबायला तयार आहोत

लेम ट्रेडवेल माझ्याशी बोलेनासा झाला त्याला कारण मीच होते, हे कळायला मला दीड महिना लागला.

त्याआधी एकोणीस वर्षं आम्ही बोलण्याशिवाय दुसरं काही केलंच नव्हतं. मी शाळेची बस चालवायची. संध्याकाळी गाडी आगारात लावली की मी आणि माझा धाकटा भाऊ काझ थेट स्टेडियमवर. वरच्या गॅलरीत, तिसऱ्या बेसच्या बाजूला, आमच्या दोन खुर्च्या वर्षानुवर्षांच्या. लेम त्या भागाचा माणूस. लाल कोट घालायचा, तिकिटं बघायची, लोकांना जागेवर न्यायचं आणि बसायच्या आधी खुर्ची पुसून द्यायची, हे त्याचं काम. पोलादाच्या कारखान्यातून बाहेर पडल्यावर त्याने ते धरलं. बायको लोरेटा गेल्यावर तर तो घरी फक्त झोपायला जायचा असं मला वाटायचं. वर्षाला एक्याऐंशी सामने आमच्या मैदानावर होतात. त्यातला एखादाच त्याचा चुकत असेल.

आमचे हॅमर्स, गावचा बेसबॉलचा संघ, फार चांगले कधीच नव्हते. अर्धे जिंकायचे, अर्धे हरायचे, चौथ्या नंबरावर यायचे, की लागली थंडी. मग क्लबचा कारभार ॲलग्रेन नावाच्या चौतीस वर्षांच्या माणसाकडे आला. त्याने संघ मुळापासून नवा बांधायचं ठरवलं. चांगले खेळाडू दुसऱ्या क्लबांना देऊन टाकले आणि बदल्यात मिसरूड फुटलेली पोरं घेतली. तळाला राहणाऱ्या संघाला नवे खेळाडू निवडताना आधी हात घालायला मिळतो, म्हणून तळाला राहणंही सोयीचं होतं. पाच वर्षं द्या, म्हणाला. पहिल्या वर्षी आम्ही एकशे तीन सामने हरलो. दुसऱ्या वर्षी एकशे आठ. तिसऱ्या वर्षी एकशे अकरा.

त्या तिसऱ्या उन्हाळ्यातली एक संध्याकाळ मला चांगली आठवते. नवातली सातवी इनिंग चालू होती, नऊ-एक असे मागे होतो, आणि आमच्या भागात मोजून चौदा माणसं होती.

"अजून दोन वर्षं," काझ म्हणाला. "तो खालच्या संघातला शॉर्टस्टॉप पोरगा वर येऊ दे. मग बघ."

"मागच्या वर्षीही दोनच म्हणाला होतास," लेम म्हणाला. "तुझं घड्याळ बंद पडलंय का रे?"

"मग पूर्वीसारखं रखडायचं? चौथा नंबर, चौथा नंबर, परत चौथा नंबर!"

"चौथ्या नंबरात चाळीस संध्याकाळी लोक हसत घरी जायचे. मीच त्यांना जिन्यापर्यंत सोडायचो. आता बघ."

"लेम, तू ना उगाच कुरकुर करतोस," मी म्हटलं. "हार आम्हालाही लागते."

"हरण्याचं काही नाही गं. समोरच्याने झकास बॉल टाकला, आपल्याला नाही मारता आला, हरलो. ठीक आहे. पण यंदा हरायचंच असं जानेवारीत खोलीत बसून ठरवायचं आणि तिकीट मात्र पूर्ण घ्यायचं, ह्याला काय म्हणायचं?"

"दूरदृष्टी!" काझ म्हणाला.

"दूरचंच दिसतं त्याला. इथली रिकामी खुर्ची दिसत नाही."

आम्ही हसलो. लेमही हसला. ही भांडणं म्हणजे आमचा खाऊ होता. कोणी मनाला लावून घेत नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं.

पुढच्या जानेवारीत क्लबने एका हॉटेलच्या हॉलमध्ये प्रेक्षकांची सभा बोलावली. ॲलग्रेन मंचावर उभा होता आणि लोक त्याच्यावर तुटून पडले होते. एक जण म्हणाला, माझ्या मुलाने आयुष्यात जिंकलेला सामना पाहिलेला नाही. दुसऱ्याने टोपी काढून मंचाकडे फेकली. पोरगेला ॲलग्रेन लालबुंद होऊन पाण्याचा पेला हातात धरून नुसता उभा. मला त्याची दया आली. खरं सांगायचं तर दया कमी आणि खुमखुमी जास्त. मी हात वर केला आणि माइक घेतला.

मी ॲस्परॅगसची गोष्ट सांगितली. नवरा गेला त्या वर्षी मी परसात ॲस्परॅगस, ती कोंबांची भाजी, लावला होता. पहिल्या वर्षी कोंब येतात, पण कापायचे नाहीत. दुसऱ्या वर्षीही नाहीत. शेजारीण रोज कुंपणावरून विचारायची, अगं, नुसतं बघायला लावलंयस का? तिसऱ्या वर्षी कापला, आणि आता वीस वर्षं कापतेय. "आम्हाला घाई नाही," मी म्हटलं. "आम्ही थांबायला तयार आहोत."

टाळ्या पडल्या. काझ तर उभा राहिला. आठवड्याने क्लबचा फोन आला, आणि एप्रिलमध्ये मी स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर होते. हिरवा स्वेटर घातलेली मी दोन इनिंगच्या मध्ये सांगतेय, आम्ही थांबायला तयार आहोत. दुकानात लोक ओळखायला लागले. मला आवडलं. ते नाकारत नाही.

त्याआधी, मार्चमध्ये, पत्र आलं होतं. गर्दी कमी असल्यामुळे ह्या मोसमात वरची गॅलरी बंद राहील. आम्हा जुन्या लोकांना त्याच पैशात खाली, खेळाडूंच्या बाकाजवळ, अकराव्या रांगेत जागा. काझ स्वयंपाकघरात नाचला.

"आणि लेम?" मी विचारलं.

"त्यालाही घेतील की खाली. इतक्या वर्षांचा माणूस."

मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. अकराव्या रांगेतून बॉल टाकणाऱ्या पिचरच्या बोटांत धरलेला बॉल दिसतो. सुरुवातीचे सामने मी लाल कोट दिसला की मान वळवून बघायची. वाटायचं, दुसऱ्या दरवाजावर असेल, सुट्टी असेल. मेच्या मध्यावर आमच्या रांगेवरच्या लाल कोटवाल्या बाईला विचारलं.

"वरचे सगळे गेले," ती हलक्या आवाजात म्हणाली. "बावीस जण. कामावर बोलवायला फोनच नाही केला त्यांना कोणी ह्या वर्षी. तुम्हाला माहीत नव्हतं?" मग तिने पडद्याकडे बघितलं, आणि मला समजलं की मला माहीत असणार असंच तिने धरलं होतं.

मी फोन केले. त्याने उचलले नाहीत. रविवारी दुपारी बटाट्याचं सारण भरलेल्या पोलिश पिएरोगींचा डबा घेऊन त्याच्या घरी गेले. तो ओसरीवर बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

"या, मिसेस सोबचाक," तो म्हणाला. "बसा."

एकोणीस वर्षांत त्याने मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मी उभीच राहिले.

"लेम, मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटलं, तुला खाली घेतलं असेल."

"विचारलंत कोणाला?"

"नाही."

"दीड महिना झाला मोसम सुरू होऊन."

"मी फक्त म्हटलं की धीर धरू. लोकांना कामावरून काढा असं नाही म्हटलं."

"कारखान्यातही असंच सांगितलं होतं आम्हाला," लेम म्हणाला. आवाज चढवला नव्हता, पण हात गुडघ्यांवर घट्ट होते. "नवी भट्टी बसवायची आहे, तीन वर्षं कळ काढा. आम्ही काढली. पगार कमी करून घेतला, सुट्ट्या सोडल्या. भट्टी बसली, चांगली चालली, अजून चालतेय. नव्या भट्टीला निम्मीच माणसं लागतात, हे तेवढं शेवटी सांगितलं. तेव्हा सभेत उठून 'आम्ही तयार आहोत' म्हणणारा आमच्यातलाच एक होता. मनाने भला माणूस. त्याची नोकरी राहिली."

मी म्हटलं, "मी क्लबला सांगते."

"काय सांगाल? थांबायला तयार नाही म्हणून?"

डबा त्याने घेतला. परत दिला नाही, हेच माझं समाधान. सोमवारी मी क्लबला फोन करून पडद्यावरचं माझं बोलणं बंद करायला लावलं. त्यांनी गोड बोलून बंद केलं. लेमबद्दल विचारलं तर म्हणाले, अर्ज करू दे, जागा निघाली की बघू. जागा निघाली नाही. त्या वर्षी हॅमर्स एकशे सहा सामने हरले, पुढच्या वर्षी शंभर, त्याच्या पुढच्या वर्षी एक्याण्णव. नाताळात मी लेमला कार्ड पाठवायची. त्याचंही यायचं, खाली फक्त नाव.

सातव्या वर्षी पोरं खेळायला लागली. काझचा तो शॉर्टस्टॉप आला, आणि असा आला की लोक दारात रेडिओ लावून बसू लागले. जूनमध्ये आम्ही पहिल्या नंबरावर होतो. जुलैत वरची गॅलरी उघडली. लेमला परत घ्या म्हणून मी ॲलग्रेनला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, एकदा नाही, तीनदा. शेवटी त्याच्या ऑफिसातून निरोप आला, मिस्टर ट्रेडवेलना घेऊन या.

लेम दोनदा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला, "बरं. चला."

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी मी त्याला घेऊन गेले. लाल कोट घातलेली एक तरुण मुलगी आमच्याबरोबर होती. फार अदबीने बोलत होती. गॅलरीचा जिना सुरू झाला. लेम कठड्याला धरून चढू लागला. अकरा-बारा पायऱ्यांवर थांबला, पुढे निघाला, आणि विसाव्या पायरीच्या आसपास खालीच बसला. गुडघा धरून. कपाळावर घाम.

"जरा दम घेऊ या," मी म्हटलं.

"दमाचं नाही हे." तो वरच्या उजेडाकडे बघत होता. "रोज चढत होतो म्हणून चढता येत होतं. जवळजवळ चार वर्षं खुर्चीत बसलो."

मुलगी म्हणाली, खालच्या दरवाजावर तिकिटं तपासायचं काम आहे, स्टूलही देतो. लेमने तिचे मनापासून आभार मानले. म्हणाला, दरवाजातून मैदान दिसत नाही. उतरताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, कारण दुसरं काही धरायला नव्हतं.

मी काझला हे सांगितलं. तो म्हणाला, "वाईट झालं. पण बर्नी, किंमत तर द्यावी लागणारच होती ना. दिली, आणि मिळालंही."

"दिली कोणी?"

"आपण सगळ्यांनी. सहा उन्हाळे हरताना बघितलं आपण!"

"आपण अकराव्या रांगेतून बघितलं."

"तू आता काय, जिंकल्याचं सुतक पाळणार?" तो चिडला. "माझं वय एकसष्ट. मी हे बघायला जन्मभर थांबलोय. मला बघू दे."

त्याचंही खोटं नव्हतं. बाद फेरीच्या सामन्याला तो मित्राला घेऊन गेला. माझं तिकीट होतं, पण मी शनिवारी दुपारी लेमकडे गेले. आम्ही टीव्हीवर सामना पाहिला. आठव्या इनिंगला शॉर्टस्टॉपने दोन माणसं बेसवर असताना बॉल भिंतीपलीकडे घातला, आणि मी ओरडून उठले. लेमही ओरडला. नंतर गल्लीत गाड्यांचे हॉर्न वाजू लागले, समोरच्या घरातली मुलं भांडी बडवत बाहेर आली.

"झालं की तुझं खरं," लेम म्हणाला. टाळ्या वाजवून त्याचे तळवे लाल झाले होते. तो टोमणा मारत नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

टीव्हीवर वरची गॅलरी दाखवत होते, एक खुर्ची रिकामी नव्हती. लेम बोटाने दाखवत गेला. "तिथे डेलोरेस असायची. तिला नंतर मुलाकडे जावं लागलं, भाडं झेपेना. तिथे हंफ्री, तो गेला मागच्या वर्षी. त्या कोपऱ्यात दोघे भाऊ, व्हिटल. आता कुठे आहेत, मलाही माहीत नाही." तो बावीसही सांगणार होता. मी ऐकत राहिले. एकोणीस वर्षं मी त्यांच्यासमोरून रोज जात होते, आणि मला त्यातली दोनच नावं माहीत होती.

पुढच्या फेरीत आम्ही हरलो.

नोव्हेंबरमध्ये लेमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्याची मुलगी दूर कॅरोलायनात, म्हणून व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं काम मी मागून घेतलं, मंगळवारी आणि शुक्रवारी. त्याने एक अट घातली, गाडीत बेसबॉल काढायचा नाही.

"का?"

"मी अजून रागावलेलो आहे. भांडायला लागलो तर संपायचं नाही, आणि गाडी तू चालवतेयस."

मी कबूल केलं. पहिले दोन आठवडे आम्ही जवळजवळ मुकाट्याने गेलो. सिग्नलला थांबलो की वायपरचा आवाज तेवढा यायचा. बाहेर बर्फ पडायला लागला होता, त्यावर किती बोलणार? बेसबॉल सोडला तर आम्हाला बोलायला काहीच नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. तिसऱ्या शुक्रवारी, पुलावर गाड्या अडकल्या असताना, मी विचारलं, "लोरेटा कशी होती रे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग काचेतून बाहेर. पुढची गाडी हलली, मीही थोडी पुढे घेतली.

"कारखान्याच्या बँडमध्ये पितळी ट्रॉम्बोन वाजवायची," तो म्हणाला. "एवढीशी बाई, आणि एवढा मोठा आवाज."