आजोबांचं प्रकरण

वरीदाला इतिहास घ्यायचाच नव्हता. फार्मसीला गुण कमी पडले म्हणून ती आमच्या वर्गात आली. पण दुसऱ्या वर्षापासून तिला इतिहासाचं वेडच लागलं. एम.ए.च्या प्रबंधाला तिनं स्वतःचं गाव निवडलं. ऑरेसच्या डोंगरातलं, फ्रेंचांविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्यात होरपळलेलं गाव. तिचे आजोबा लखदर त्या लढ्यातले शहीद. गावच्या शाळेला त्यांचंच नाव होतं.

मुलाखतींना मी तिच्यासोबत गेले होते. यमीनाखाला ही गावातली एकटी राहणारी म्हातारी चुलीपाशी रोट्या भाजत होती. वरीदानं रेकॉर्डर चालू करून विचारलं, "खाला, आजोबांना सैनिकांनी कुठं गाठलं?"

"कुठले सैनिक?" म्हातारीनं रोटी उलटली. "आपल्याच पोरांनी मारलं. हा फ्रेंचांना खबरा देतो म्हणून कुणीतरी कान भरले आणि यांनी गळा चिरला. पुढं खबऱ्या निघाला दुसराच. मग काय, करून टाकलं शहीद. झऱ्यावर पाण्याला गेले होते मी. या डोळ्यांनी बघितलंय गं."

आणखी दोन म्हाताऱ्यांनी तेच सांगितलं. त्यांनी मात्र आधी दार लावून घेतलं.

आमचे मार्गदर्शक बेनशनूफ सर म्हणाले, "मेलेल्याचं घर अजून नांदतंय आणि मारणाऱ्यांचंही. दोन ओळींत उरक."

"साक्ष झाकायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना सर?"

"परीक्षेपुरतं शिकवलं होतं, पोरी," असं म्हणून त्यांनी सही केली.

खरी परीक्षा घरी होती. तिचे वडील मसऊद बस चालवायचे.

"बाबा, आजोबा निर्दोष होते. मी तेच लिहिलंय."

"मला शिकवतेस? माझ्या आईनं मरताना सांगितलंय मला. जन्मभर गिळून बसलोय मी, आणि तू चव्हाट्यावर मांडणार?"

तिनं प्रबंधातलं ते प्रकरण तसंच ठेवलं. जाहीर तोंडी परीक्षेत परीक्षकांनी वाखाणलं, सभागृहात जमलेल्या बायकांनी आनंदाच्या किलकाऱ्या मारल्या. वडील आले नाहीत.

मग कुणीतरी प्रबंधाच्या एका पानाचा फोटो फेसबुकवर टाकला. आरोपाचं पान. आरोप खोटा ठरल्याचं पान पुढचं होतं. ते कुणी टाकलं नाही. आठवडाभरात शाळेच्या पाटीवर डांबर फासलं गेलं. मसऊद रॉकेलचा बोळा घेऊन एकटेच पुसायला गेले. पोरांनी "खबऱ्याची औलाद" म्हणत त्यांना शिडीवरून ओढलं. खुबा मोडला. ते पुन्हा चालले नाहीत.

यमीनाखालाला लोकांनी विचारलं, तर ती म्हणाली, "मी कशाला बोलेन? पोरीनं मनचं लिहिलं."

मी वरीदाला म्हटलं, "ऐकव ना त्यांना रेकॉर्डिंग! एका दिवसात तोंडं बंद होतील."

"आणि म्हातारीच्या दाराशी कोण झोपणार? तू?"

तिनं ते कुणालाच ऐकवलं नाही. गावानं तिला खोटारडी ठरवलं, तरीही नाही. पीएच.डी.ची जागा मिळाली होती. ती तिनं सोडली आणि वाळवंटाकडच्या एका गावात शाळेत लागली. तिथं ती पाठ्यपुस्तकातला लढा पुस्तकात आहे तसा शिकवते.

शुक्रवारी आईचा फोन येतो. मागून वडिलांचा खोकला ऐकू येतो. "देऊ का बाबांना?" आई विचारते, आणि खोकलाही थांबतो.