भोंगा वाजला नाही

चाचणीचा मेसेज तिसऱ्यांदा हेमराजच्या फोनवर आला, तोही दोन सेकंदांत. म्हणजे मेसेज जात होते. सॉफ्टवेअर चालू होतं, सर्व्हर चालू होता, यादीत त्याचा आणि अमितसाहेबांचा नंबर जागच्या जागी होता. मग मंगळवारी दुपारी भोंगा का वाजला नाही?

कामरेजकडच्या त्या डाईंग मिलचं नेटवर्क हेमराज चौदा वर्षं सांभाळत होता. मिलभर पसरलेली कॅमेरे, मीटर, सेन्सर अशी दोनशेएक उपकरणं त्याच्या पडद्यावर हिरवी-लाल दिसत. कुठं काही बिघडलं की फोनवर अलर्ट यायचा. सांडपाण्याच्या टाकीत विषारी वायू वाढला, तर शिवाय भोंगाही वाजायचा. मंगळवारी मिलमधला कामगार वाल्मिक पंप काढायला त्या टाकीत उतरला आणि तिथंच कोसळला. दोघांनी दोर लावून त्याला वर ओढलं. आज तिसरा दिवस, तो अजून शुद्धीवर नव्हता. आणि चार वाजता फॅक्टरी इन्स्पेक्टर यायचे होते.

हेमराजला खुर्चीत बसवत नव्हतं. उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा. शेवटी त्यानं टाकीच्या सेन्सरचं पान उघडलं. मंगळवारी तीन वाजून दहा मिनिटांनी आकडा चढत गेलेला स्पष्ट दिसत होता. यंत्राला कळलं होतं. पण नावापुढच्या छोट्या घंटीवर तिरकी रेघ होती, आणि खाली बारीक अक्षरात नोंद : अलर्ट बंद, हेमराज, ११ तारीख, सकाळी १०.४२.

त्याला सगळं आठवलं. टाकीजवळची केबल वाफेनं सडली होती. सेन्सर नेटवर्कवरून सारखा तुटायचा, परत जोडला जायचा, आणि प्रत्येक वेळी फोन थरथरायचा. एका पाळीत चाळीस-चाळीस मेसेज. नवी केबल त्यानं दोनदा लिहून मागितली होती. ती येईपर्यंत कटकट नको म्हणून त्यानं अलर्ट बंद केले. बंद होतील ते फक्त फोनवरचे मेसेज, असंच तो धरून चालला होता.

खात्री करायला त्यानं प्रयोगशाळेतल्या हर्षदाला फोन लावला आणि चाचणीच्या गॅसची नळकांडी सेन्सरशी धरायला सांगितलं. पडद्यावर आकडा उसळला. बाहेर सगळं शांत होतं. मग त्यानं घंटीवरची रेघ काढली आणि हर्षदाला पुन्हा तेच करायला लावलं. भोंगा असा किंचाळला, की फोल्डिंग खात्यातल्या बाया हातातलं कापड टाकून आवारात धावल्या. हेमराजनं त्यांना समजावून परत पाठवलं.

आवाज ऐकून अमितसाहेब आले. वयानं त्याच्याहून लहान, पण मिलचे मॅनेजर. त्यांनी नोंद वाचली, दार लावून घेतलं.

"हेमराजभाई, गेल्या महिन्याचा बॅकअप परत चढवा. ही नोंद राहणार नाही. सॉफ्टवेअर हँग झालं होतं, एवढंच लिहू. घरच्यांना काय सांगायचं ते सांगून झालंय. तुम्हीपण सुटाल."

दीड वाजला होता. चहाला जातो सांगून हेमराजनं मोटारसायकल काढली आणि थेट हॉस्पिटल गाठलं.

वाल्मिकची बायको उषाबाई वॉर्डबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. नवागामला त्यांची आणि हेमराजची एकच गल्ली. डॉक्टर काय म्हणतात ते त्यांनी सांगितलं, आणि मग भोंगा वाजल्याचं मिलवाले सांगतात ते खरं का, हे सकाळपासून मनात घोळत असलेलं विचारलं.

"मिलवाला म्हनतस, भोंगा वाजना, यास्लेच ऐकू वना नही. पहिले लूमवर व्हतात, तठे कान गयात म्हनतस. भाऊ, तुम्ही तठेच ऱ्हातस. वाजना व्हता का नही?"

केबलचं सांगावं, दोनदा लिहून दिल्याचं सांगावं, असं हेमराजच्या ओठांवर आलं. त्यानं ते गिळलं.

"नही वाजना, वहिनी. मी बंद करेल व्हता."

उषाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग पदर सावरून उठल्या आणि वॉर्डात गेल्या. दार बंद झाल्यावरही तो बराच वेळ तिथंच उभा होता.

चार वाजता त्यानं इन्स्पेक्टरांसमोर ते पान उघडलं आणि नोंद स्वतःच वाचून दाखवली. अमितसाहेब भिंतीकडे बघत होते. अहवालात वाल्मिकच्या कानांचा उल्लेख आला नाही. भोंगा बंद होता आणि केबलची मागणी पडून होती, हे आलं. पुढच्याच आठवड्यात हेमराजला राजीनामा द्यायला लावलं. जाण्याआधीच्या दोन दिवसांत त्यानं नवी केबल टाकली, भोंगा सॉफ्टवेअरवर न ठेवता थेट सेन्सरला जोडला, आणि कुठलाही अलर्ट तासाभरापेक्षा जास्त बंद राहणार नाही असं करून ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं.

वाल्मिक महिन्यानं घरी आला. चालतो, जेवतो, माणसं ओळखतो. पण मधलं बरंच काही त्याच्या डोक्यातून पुसलं गेलंय, आणि हेमराजची मिल सुटल्याचंही त्याच्या ध्यानात राहत नाही. सकाळी तो दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला असतो. हेमराज आता उधन्याला एका कॅमेऱ्यांच्या दुकानात जातो, जाताना त्याच्यापाशी थांबतो. उषाबाई त्याच्याशी बोलत नाहीत. येऊ नका, असंही म्हणालेल्या नाहीत.

"निंघना का ड्यूटीले?" वाल्मिक रोज विचारतो.

"हां, निंघनू."

"बैस मंग घडीभर. बस येवाले टाईम शे."

हेमराज शेजारच्या पायरीवर बसतो. जरा वेळानं कोपऱ्यावर मिलची बस येते, दोन-चार माणसं चढतात, हॉर्न देऊन ती निघून जाते. दोघांपैकी कुणीच उठत नाही.