थांब्यावरच्या बाकाची संयुक्त बैठक

मी बाक बोलतोय. दिग्रसच्या रस्त्यावरच्या एका एसटी थांब्याचा. टेका पाठ, माझी पाठ अस्सल सागाची आहे. सांगतो त्यातलं अर्धं खरं धरलंत तरी माझी हरकत नाही.

सुतारानं मला सात जणांपुरतं घडवलं. पण "जरा सरका बे" म्हणत आठवा येतोच, आणि मावतोही.

आमच्या गावानं टीव्हीवर संसद पाहून दोन सभा काढल्या. खालची सभा तरुणांची, ती भरते माझ्यावर. वरची म्हाताऱ्यांची, ती पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर. दोन्हींनी मान्य केल्याशिवाय गावात खिळा ठोकायचा नाही.

एके दिवशी खालच्या सभेच्या संघदीपनं माझ्याविरुद्ध विधेयक आणलं. माझ्यावरच बसून. म्हणे, लोक निवांत बसलेले दिसतात, ड्रायव्हरला वाटतं गप्पा चालल्यात, एसटी थांबत नाही. बाक तोडा, लोक उभे राहतील, एसटी थांबेल. झालं, मंजूर. चहावाली मथुराबाई तेव्हापासून माझ्या पायांकडे चुलीच्या नजरेनं पाहू लागली.

वरच्या सभेनं विधेयक परत धाडलं. "आमचे गुडघे का सागाचे आहेत?" सदाशिवराव म्हणाले. त्यांची दुरुस्ती अशी, की फक्त पाठ काढा, बाक राहू द्या. खालच्यांनी ती फेटाळली. विधेयक वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. एसटीपेक्षा त्याच्याच फेऱ्या जास्त. इकडे माझी करकर वाढली.

शेवटी संयुक्त बैठक ठरली. दोन्ही सभांनी एकत्र यायचं आणि डोकी मोजायची.

"आपली डोकी जास्त," संघदीप खुशीत म्हणाला. "वरचे कायले पुरतात?"

बैठक अर्थात माझ्याचपाशी. खालचे आठही आधीच येऊन बसले. वरच्या सभेचे पाच जण मागं काठ्या टेकून उभे.

अध्यक्ष विमलताई म्हणाल्या, "बाक तोडाच्या बाजूचे उभे राहा."

कोणी हललं नाही. शेजारच्या भीमराजनं संघदीपला कोपर मारलं. "तुयंच विधेयक आहे ना बे? ऊठ ना."

"तू ऊठ. मी उठलो तं मागचा काका बसते."

विमलताईंनी मोजलं. "बाजूनं पाच, विरोधात आठ."

"बाई, आमी तं विरोधात आहो," सदाशिवराव म्हणाले.

"मंग उभे काहून?"

"बसाले जागा कुठं आहे?"

"ते मले नोका सांगू. उभा तो बाजूचा."

संयुक्त बैठकीत खालचीच सभा जिंकते म्हणतात. तशी ती जिंकली, स्वतःच्याच विधेयकाविरुद्ध. मी वाचलो.

म्हातारे पुटपुटत ओट्याकडे गेले, आणि दिग्रसची एसटी आली. ड्रायव्हरनं आठ जण निवांत बसलेले पाहिले. गेली निघून. संघदीपला त्याच गाडीनं जायचं होतं. तो माझ्यावरच बसून नवं विधेयक सांगू लागला.

म्हणून विनवतो, एसटी दिसली की एकानं तरी उठा. गाडी थांबेल, म्हाताऱ्याला जागा मिळेल. एवढ्याला दोन सभा लागत नाहीत. लवकर शिका मात्र. मथुराबाईच्या घरचं जळण संपत आलंय, आणि तिच्या चुलीला कोणत्याच सभेची मंजुरी लागत नाही.