जुलाबाच्या औषधाची सोज्जी

"हळू, भागीरथी, हळू. फळाला घाई केलीस तर ते रुसतं."

पाँडिचेरीच्या घराच्या मागच्या गच्चीवरचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी तिथं सून म्हणून गेले तेव्हा अठरा वर्षांची होते. सासरी कुणी हसत नसे. शेजारच्या फ्रेंच मादाम मात्र दुपारी भिंतीवरून हाक मारत, आणि आम्ही दोघी बरणीत मनुका, खजूर, संत्र्याची साल असे थरावर थर रचत बसू. वर साखर, त्यावर रम. तीन महिन्यांनी एक मनुका जिभेवर ठेवली की ती फुटायची, तिच्यामागून मीही फुटायचे. आठ वर्षांत माझं जे काही हसू झालं ते त्या गच्चीवर.

नवरा गेला, मी तंजावरला धाकट्या भावाकडे आले, आणि ही विद्या पदराला बांधून आणली. भाऊ राममूर्ती कचेरीत हेडक्लार्क. कॉफीतसुद्धा चिकोरी नको म्हणणारा. रम आणून देई माझी मैत्रीण कामाक्षी. तिचा जावई सैन्यात. बाटली ब्लाउजपीसात गुंडाळून, देवळातला प्रसाद द्यावा तशी दोन्ही हातांनी देई.

शुक्रवारचं तेल लावून न्हाणं झालं की एक चमचा मनुका. उन्हाळ्यात गोटी-सोड्यात थोडा अर्क. बस्स, एवढंच माझं पाप.

बरणीवर दोन चिठ्ठ्या होत्या. वरची तमिळमध्ये, ठळक: 'जुलाबाचं औषध.' खालची आपल्या बाळबोध अक्षरांत: 'रममधल्या मनुका, मार्च ९५. देवा, तुझ्यापाशी खोटं नको.' आम्ही तंजावरकडचे जुने मराठी; घरात मराठी सगळेच बोलत, पण ही अक्षरं माझ्याखेरीज कुणाला येत नसत. त्याच भरवशावर माझी ओव्यांची वहीही फळीवर उघडी पडलेली असे.

जूनमध्ये राममूर्तीच्या लेकीला, श्रीलक्ष्मीला, पापनाशमचं स्थळ आलं. मुलगा हरिप्रसाद मद्रासला नव्या खाजगी बँकेत, कमरेला पेजर. वडील बाळकृष्णराव पापनाशमच्या दारूबंदी मंडळाचे अध्यक्ष.

"आत्या, त्यांच्या घरी हसतात का गं?" पोरीनं आदल्या दिवशी विचारलं.

"अध्यक्षांचं घर ते. पाणीसुद्धा ठराव करून पीत असतील."

ती हसली नाही. "घर लहान असू दे, लांब असू दे. न हसणाऱ्या घरात मी नाही जायची."

"दोन स्थळं नाकारलीस. आता त्यांनी हो म्हटलं की तुझा बाप तुला विचारायचा नाही."

"ठाऊक आहे मला," म्हणाली, आणि सोज्जीसाठी रवा निवडायला बसली. मुलगी बघायला आलेल्यांना सोज्जी म्हणजे शिरा आणि बज्जी म्हणजे भजी द्यायची, आणि सोज्जी मुलीनंच करायची, ही आमच्याकडची रीत.

रविवारी चार वाजता भाड्याच्या मोटारीतून तिघं उतरली. बाळकृष्णराव काठीसारखे ताठ. बायको शेषम्मा पदर घट्ट लपेटून, जणू कुणी हसवील म्हणून आधीच सावध. मुलगा दोघांच्या मध्ये, पेजरकडे आशेनं बघत. तो काही वाजेना.

"घरात व्यसन?" बाळकृष्णरावांनी बसताबसता विचारलं.

"कॉफी," राममूर्ती म्हणाला.

"तीही कमी करावी."

श्रीलक्ष्मीनं बशा आणल्या. केशरी सोज्जी, आणि वर पेरलेल्या काळ्या, टपोऱ्या, तुकतुकीत मनुका. इतक्या टपोऱ्या मनुका तंजावरच्या एकाही दुकानात मिळत नाहीत. मी एक उचलून तोंडात टाकली. ती फुटली.

अय्यो! माझी बरणी!

पोरीचं लग्न माझ्या पापानं मोडणार. मी धावलेच. "अहो, राहू द्या ती सोज्जी, तूप फार झालंय—"

"असू दे," बाळकृष्णरावांनी बशी छातीशी धरली. "मनुका कुठल्या या?"

"नाशिकच्या," राममूर्तीनं बेधडक ठोकून दिलं.

"वा! आणखी वाढा. मनुकाच जास्त."

वाढाव्या लागल्या. बाहेर ड्रायव्हरला मी नुसत्या बज्ज्या पाठवल्या, तेवढी अक्कल शिल्लक होती. परत आले तो शेषम्माबाईंचा पदर खांद्यावरून सैल झालेला.

"आमच्या वेळी," त्या एकाएकी म्हणाल्या, "हे मला बघायला आले ना, तर बज्जीच्या ताटावर बसले!"

राममूर्ती पंख्याकडे बघू लागला. बाळकृष्णरावांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मी मनात म्हटलं, संपलं.

"खोटं," ते म्हणाले. मग ओठांचा कोपरा हलला. "बज्जी नव्हती. वडे होते. चटणीसकट!"

आणि ते हसले. आधी बारीक, गंजलेल्या कडीसारखं, मग पोट धरून. शेषम्माबाई डोळे पुसत म्हणाल्या, "धोतर मीच धुतलं असतं, पण अजून लग्न कुठं ठरलं होतं!" हरिप्रसाद आईकडे बघत राहिला, आज प्रथमच ओळख झाल्यासारखा. त्यानं पेजर काढून खिशात टाकला आणि श्रीलक्ष्मीला विचारलं, "तुमच्याकडे असं रोज असतं?"

"नाही," ती म्हणाली. "पण तुमच्याकडे चालेल का?"

"मी चालवीन. बाबांना आणखी दोन चमचे वाढा."

निघताना बाळकृष्णरावांनी होकार दिला, तो पायरीवर बसून. उठायला त्यांना जरा वेळ लागला.

संध्याकाळी मी आणि श्रीलक्ष्मी भांडी विसळत होतो. बरणी अर्धी रिकामी. माझी भीती उतरली तशी मनात एक शंका चढली.

"काय गं, तुला तमिळ वाचता येतं ना?"

"शाळा सगळी तमिळमध्येच झाली, आत्या."

"मग जुलाबाचं औषध कुणी पाहुण्यांच्या सोज्जीत घालतं?"

तिनं हात पुसले. बरणी मांडीवर घेतली, खालच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं, आणि पहिलीतल्या पोरासारखं एकेक अक्षर जोडत वाचू लागली. "र-म-म-ध-ल्या... म-नु-का..."

माझ्या हातातली बशी पाण्यात निसटली.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "तुझ्या पंचांगावरून शिकले. कुणाला सांगितलं नाही, तुलाही नाही. सांगितलं असतं तर तू वही लपवली असतीस."

मग तिनं माझीच ओवी मला म्हणून दाखवली, हळू, चाल न चुकता:

"फळ निजलं गं सई, गोड अंधाराच्या कुशीत
सासरी माझं हसू, झाकणाच्या बरणीत."

तिनं झाकण काढलं, एक मनुका माझ्या ओठांशी धरली.

"ते हसले नसते ना, आत्या, तर ही बरणी सगळ्यांपुढे ठेवून मीच सांगणार होते की मी पाहुण्यांना रम चारली. स्थळ तिथंच मोडलं असतं. तुझ्यासारखी आठ वर्षं मला नको होती."